शोक कुणासाठी, किती आणि किती दिवस?

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मृत्यूनंतरच्या दुःखाविषयी आहेत. कुणाची आई गेली आहे, कुणाचे पती, तर कुणाला आयुष्यात एकदाही न भेटलेल्या कलावंताच्या जाण्याने हादरा बसला आहे. या पत्रांत दुःखाच्या बरोबरीने एक संकोचही दिसतो. आपण जरुरीपेक्षा जास्त रडतो आहोत, किंवा रडायला हवे तितके रडत नाही, किंवा ज्याच्यासाठी रडण्याचा आपल्याला अधिकारच नाही त्याच्यासाठी रडतो आहोत, अशी काहीतरी टोचणी प्रत्येकाला लागलेली आहे. शोकाचे माप दुसऱ्याच्या नजरेने घेण्याची ही सवय मला मूळ दुःखाइतकीच जाचक वाटते, म्हणून या वेळची सगळी पत्रे याच विषयावरची निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये यासाठी तपशील थोडेफार बदलले आहेत.

प्रश्न : माझी आई आठ महिन्यांपूर्वी गेली. शेवटची चार वर्षे ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचे सर्व काही मीच केले. ती गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. सगळे सोपस्कार मी यंत्रासारखे पार पाडले. मागच्या महिन्यात माझ्या आवडत्या गायिकेच्या निधनाची बातमी आली आणि मी दोन दिवस अक्षरशः ढसाढसा रडले. नणंद म्हणाली, ‘‘सख्ख्या आईसाठी नाही रडलीस, वहिनी, आणि हिच्यासाठी?’’ तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते आहे. माझे आईवर प्रेम नव्हते का? रात्री दोन वाजता मला अजूनही जाग येते. त्या वेळी तिची कूस बदलायची असे.

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे, पण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, आणि हे काम ज्याने वर्षानुवर्षे केले त्याचे शरीर ते विसरत नाही. जिच्यासाठी उठायचे ती आई आता नाही हे ठाऊक असूनही तुम्ही रोज त्या वेळेला जाग्या होता. जिचे आईवर प्रेमच नव्हते अशा बाईच्या बाबतीत हे घडत नसते.

दीर्घ आजारात माणूस एका दिवशी जात नाही. बोलणे थांबते, ओळख पुसट होते, आपल्याला रागावणारी, सल्ला देणारी आई केव्हाच निघून गेलेली असते आणि तिच्या देहाची सेवा तेवढी उरते. या प्रत्येक टप्प्यावर तुम्ही थोडा थोडा शोक केलेला आहे. तो करायला निवांतपणा नव्हता, इतकेच. एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने १९४४ साली शोकावर लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध आहे. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात एका नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे दगावली होती, आणि त्या दुर्घटनेत आप्त गमावलेल्यांचाही त्याने अभ्यास केला होता. त्याच निबंधात त्याने मृत्यूच्या आधीच सुरू होणाऱ्या शोकाची नोंद केली आहे. युद्धावर गेलेला नवरा परत येणार नाही अशी मनाची तयारी करता करता एका स्त्रीचा शोक इतका पुरा झाला, की नवरा सुखरूप घरी आल्यावर त्यालाच वाटू लागले, हिचे आता आपल्यावर प्रेम उरलेले नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे, पण शोक मृत्यूच्या तारखेची वाट पाहत नाही एवढे त्यावरून ध्यानात यावे.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, जी शुश्रूषा करणारी माणसे सहसा बोलून दाखवत नाहीत. आजारी माणूस गेल्यावर सुटल्यासारखे वाटते. ‘ती सुटली’ असे म्हणण्याची समाजात मुभा आहे. ‘मीही सुटले’ असे म्हणण्याची नाही. तुम्हालाही तसे क्षणभर वाटले असेल आणि त्या वाटण्याच्या अपराधाने अश्रू अडवून धरले असतील, तर त्यात नवल नाही. चार वर्षे न झोपलेल्या माणसाला विश्रांती मिळाल्याचे बरे वाटणे आणि आई गेल्याचे दुःख होणे, ही दोन्ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

आता गायिकेविषयी. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्ये, दूरचित्रवाणी घराघरांत नुकतीच पोहोचत असताना, प्रेक्षक आणि पडद्यावरची व्यक्ती यांच्यात तयार होणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले. पलीकडच्या माणसाला आपले नावही ठाऊक नसते, तरी आपल्या बाजूने ते नाते वर्षानुवर्षे मुरत जाते. हे नाते खोटे नसते, मात्र त्यात एक मोठी सोय असते. त्या गायिकेने तुम्हाला कधी टाकून बोललेले नाही, तिच्या औषधांचा हिशेब तुम्हाला ठेवावा लागला नाही, आपण तिच्यासाठी पुरेसे केले की नाही अशी शंका घ्यायला तिने जागाच ठेवली नाही. तिच्यासाठी रडायला तुमच्या मनात कुठलाही अडसर नव्हता, आणि दार एकदा उघडल्यावर आत साठलेले सगळेच बाहेर आले. तिची गाणी घरात कधी लागत असत, ती तुमच्याबरोबर आणखी कोण गुणगुणत असे, हे जरा आठवून पाहा. त्या दोन दिवसांत तुम्ही केवळ गायिकेसाठी रडलात असे मला तरी वाटत नाही.

नणंदेला उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. द्यावेसे वाटले तर रात्री दोन वाजता तुम्हाला अजून जाग येते, हे तिला सांगा. ही जाग काही महिने अशीच येत राहिली आणि दिवसाच्या कामावर तिचा परिणाम होऊ लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. चार वर्षांच्या जागरणाने शरीराची झालेली झीज आपोआप भरून निघेल असे गृहीत धरू नका.

प्रश्न : वडिलांना जाऊन पाच महिने झाले. दुःखाचे पाच टप्पे असतात असे मी वाचले होते आणि त्याप्रमाणे राग, खिन्नता वगैरे संपून मी स्वीकाराच्या टप्प्यावर आलो आहे असे मला वाटत होते. मागच्या आठवड्यात त्यांच्या बँक खात्याचा अर्ज भरत होतो. ‘मयत व्यक्तीशी नाते’ या रकान्यात ‘मुलगा’ एवढे लिहायचे होते, पण हात चालेना. बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो. मी पुन्हा पहिल्या टप्प्यावर आलो का?

उत्तर : नाही, कारण असा जिनाच मुळात नाही ज्याच्या पायऱ्या तुम्ही चढला होतात आणि आता घसरलात. नकार, राग, दैवाशी घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार हे पाच टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली मांडले, आणि ते मांडले होते असाध्य आजाराने स्वतः मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावरून. मागे राहिलेल्या नातेवाइकांना ती चौकट नंतर लावली गेली आणि पाहता पाहता ती वेळापत्रकासारखी वापरली जाऊ लागली. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या, सहलेखकाबरोबरच्या लेखनात त्यांनी स्वतःच म्हटले आहे की या टप्प्यांचा फार गैरसमज झाला आणि विस्कटलेल्या भावना नीटस कप्प्यांत भराव्यात असा त्यांचा हेतू कधीच नव्हता. तरीही ही यादी टिकून आहे. माझ्या मते त्याचे कारण असे, की शेवटच्या टप्प्यानंतर आपण मोकळे होऊ असे आश्वासन तिच्यात आहे, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला त्या आश्वासनाची गरज असते.

जे प्रत्यक्षात दिसते त्याच्याशी अधिक जुळणारे वर्णन मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये केले. त्यांच्या म्हणण्यानुसार शोकग्रस्त माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करत असतो. एका बाजूला गेलेल्याची आठवण, ओढ, रडणे असते; दुसऱ्या बाजूला त्याच्याशिवायच्या जगण्याची व्यवस्था, म्हणजे कागदपत्रे, पैसे, घरातली नवी कामे, अगदी मित्रांबरोबरचे हसणेदेखील. ही ये-जा हेच सावरण्याचे लक्षण आहे, आणि जो माणूस एकाच बाजूला अडकून पडतो त्याची काळजी करावी. तुमच्या बाबतीत गंमत अशी झाली (गंमत हा शब्द इथे जपूनच वापरतो आहे), की अर्ज भरणे हे दुसऱ्या बाजूचे काम होते आणि त्याच कागदावरच्या एका रकान्याने तुम्हाला पहिल्या बाजूला ओढून नेले. मृत्यूचा दाखला, वारसाचे नाव, कमी झालेले नाव असे कागद हे नेहमीच करतात. अशा कामांना एकट्याने जाऊ नये, एका दिवसात दोन कार्यालये गाठू नयेत, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती पहिल्यांदाच जास्त काढून ठेवाव्यात, म्हणजे तो कागद वारंवार मागायला लागत नाही. वडिलांचा वाढदिवस किंवा त्यांच्या जाण्याला वर्ष पूर्ण होण्याचा दिवस आला की पुन्हा असेच होईल. त्या वेळी टप्पे मोजत बसू नका.

प्रश्न : माझा घटस्फोट होऊन नऊ वर्षे झाली. गेल्या महिन्यात माझे पूर्वीचे पती वारले. मला मनापासून वाईट वाटते आहे, पण सांगायचे कुणाला? माझ्या माहेरी ‘बरे झाले सुटलीस’ अशी भावना आहे आणि त्यांच्या घरी माझे जाणे शक्यच नाही.

उत्तर : ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही त्याचा केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ पासून सविस्तर विचार केला आहे. पूर्वाश्रमीचा जोडीदार, उघड न केलेले नाते, जन्माआधीच गेलेले मूल, पाळीव प्राणी, अशा कितीतरी जणांसाठीचा शोक या वर्गात मोडतो. भेटायला कुणी येत नाही, रजा मिळत नाही, कुणी विचारपूसही करत नाही. तुम्ही ज्या माणसाबरोबर काही वर्षे संसार केला, त्या वर्षांचा दुसरा साक्षीदार आता उरलेला नाही. त्याच्याशी पटले नव्हते म्हणून ही हानी कमी होत नाही, उलट भांडण मिटण्याची अंधूक शक्यताही त्याच्याबरोबर संपते. तुम्हा दोघांनाही त्या काळात ओळखणारी एखादी मैत्रीण असेल तर तिच्याशी बोला. माहेरच्यांना पटवण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका.

प्रश्न : एखादा नट किंवा गायक गेला की लोक फोटो आणि शोकसंदेशांचा पूर आणतात. यांतल्या किती जणांना खरोखर दुःख झालेले असते? मला हा सारा देखावा वाटतो.

उत्तर : काही जणांच्या बाबतीत तो देखावाच असतो, हे मान्य. पण २९ एप्रिल २०२० रोजी इरफान खान आणि दुसऱ्याच दिवशी ऋषी कपूर गेले ते दिवस आठवून पाहा. देशभर टाळेबंदी होती, अंत्ययात्रेला गर्दी करणे दूरच, शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसणेही शक्य नव्हते. चार ओळी लिहून पाठवणे एवढीच एक वाट लोकांपाशी उरली होती. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला होता, मात्र लोकांनी जे लिहिले त्यात लताबाईंपेक्षा स्वतःच्या घरातला रेडिओ, आईवडील, शाळेतले दिवस हेच अधिक होते. प्रसिद्ध माणूस जातो तेव्हा आपल्या वयाचा एक तुकडा बरोबर घेऊन जातो, आणि माणसे त्या तुकड्याविषयी बोलत असतात. ज्याचे लिहिणे तुम्हाला पोकळ वाटते ते वाचू नका. कोण किती खरे रडले याचा निवाडा तुम्हाला कुणी सोपवलेला नाही.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या आवडत्या नटाने आत्महत्या केल्याची बातमी आल्यापासून ती रात्ररात्र मोबाइलवर त्याच्याविषयीच पाहत असते, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. तिचे बाबा म्हणतात, ‘‘तो तुझा कोण लागत होता?’’ आम्ही कसे वागावे?

उत्तर : बाबांना हा प्रश्न विचारणे आधी बंद करायला सांगा. या वयात मुले आपण कोण व्हायचे हे ज्यांच्याकडे पाहून ठरवत असतात, त्यांत अशी माणसे असतात. तो तिचा कुणी लागत होता. पण तुमच्या पत्रातला गंभीर भाग वेगळा आहे. आत्महत्येची बातमी मोठ्या प्रमाणावर, पुन्हा पुन्हा आणि बारीकसारीक तपशिलांसह दाखवली गेली की त्यानंतरच्या काळात आत्महत्यांचे प्रमाण वाढताना दिसते, असे डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना वारंवार सांगत असते की अशा बातमीत पद्धतीचे वर्णन करू नये, ती सनसनाटी करू नये आणि एकच एक कारण छापून मोकळे होऊ नये. २०१० मध्ये ऑस्ट्रियात झालेल्या एका अभ्यासात याची दुसरी बाजूही पुढे आली: आत्महत्येच्या विचारांतून सावरलेल्या माणसांविषयीचे वृत्तांत प्रसिद्ध झाले, की त्यांचा संबंध प्रमाण घटण्याशी दिसत होता. मोबाइलचा स्वभाव मात्र असा, की एकदा तुम्ही त्या बातमीवर थांबलात की तो तेच तेच पुढे करत राहतो. मुलगी जे पाहते आहे ते तिने सगळे निवडलेले नाही.

मोबाइल हिसकावून घेतलात तर ती तुमच्यापासून आणखी दूर जाईल. तिच्या शेजारी बसून त्याचे एखादे काम तिच्याबरोबर पाहा, तिला त्याच्यात काय आवडत होते ते विचारा आणि रात्री सगळ्यांचेच मोबाइल, बाबांचाही, बाहेरच्या खोलीत ठेवायचे असे ठरवा. मग शांतपणे, आडपडदा न ठेवता विचारा की तुझ्याही मनात कधी जीव द्यावा असा विचार येतो का. असे विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट पुष्कळ मुलांना कुणीतरी विचारल्याने हायसे वाटते. तिने होकार दिला, किंवा उत्तर टाळले आणि तुमच्या मनात शंका उरली, तर तिला एकटी सोडू नका, घरातली औषधे आणि घातक वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तसे काही नसेल तरीही दोन आठवड्यांनंतर झोप, जेवण आणि शाळा रुळावर आली नाही तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

प्रश्न : माझे पती जाऊन चौदा महिने झाले. त्यांचा मोबाइल क्रमांक मी चालू ठेवला आहे, दर महिन्याला रिचार्ज करते. त्यांनी पाठवलेले आवाजी संदेश मी अधूनमधून ऐकते. त्यांतला एक तर फक्त ‘‘अगं, किल्ली घेतली का?’’ एवढाच आहे. मी नोकरीवर जाते, घर सांभाळते, हसतेही. पण मुलगा म्हणतो, ‘‘आई, आता यातून बाहेर ये. क्रमांक बंद करू, कपडे देऊन टाकू.’’ हे आजाराचे लक्षण आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही. गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणे हे शोकाचे काम, अशी मांडणी सिग्मंड फ्रॉइडने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली होती आणि ‘बाहेर ये’ हा सल्ला बराचसा तिथूनच झिरपत आला आहे. १९२० मध्ये फ्रॉइडची स्वतःची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने गेली. नऊ वर्षांनी, मुलगा गमावलेल्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले की दुःखाची धार बोथट होते, पण गेलेल्याची जागा कशानेही भरत नाही, आणि ते तसेच असायला हवे. १९९० च्या दशकात अभ्यासकांनी ही गोष्ट अधिक स्पष्टपणे मांडली: पुष्कळ माणसे गेलेल्याशी असलेले नाते तोडत नाहीत, ते निराळ्या रूपात चालू ठेवतात आणि तरीही नीट जगतात.

आजार म्हणून ज्याचे निदान होते तो प्रदीर्घ शोक याहून वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये प्रौढांसाठी बारा महिन्यांची अट घातली. पण नुसता काळ उलटल्याने निदान होत नाही. जवळजवळ रोज असह्य ओढ लागणे, मृत्यू झाला यावर विश्वासच न बसणे, आपला एक भाग मेला आहे असे वाटणे, भावना बधिर होणे, जगण्यात अर्थ न उरणे आणि त्यापायी कामधाम, नाती कोलमडणे, असे सगळे चित्र त्यासाठी लागते. यांतले काही तुमच्या पत्रात नाही. पुढे जाणवू लागले तर त्यावर खास बेतलेले उपचार आहेत आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

संदेशांची मात्र आजच सोय करा. मोबाइल कधीही बिघडतो आणि बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, तेव्हा सगळे संदेश किमान दोन निराळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. नीट उतरले आहेत ना, हे एकदा ऐकून पाहा. त्यानंतर क्रमांक ठेवणे न ठेवणे हा केवळ तुमच्या इच्छेचा भाग राहील. तुमच्या परवानगीशिवाय कपडे कुणी हलवू नयेत हे मुलाला स्पष्ट सांगा, पण त्याच बोलण्यात त्यालाही विचारा की त्याला काय होते आहे. त्याचेही वडील गेले आहेत. भरलेले कपाट रोज पाहणे तुम्हाला आधार देत असेल आणि त्याला सहन होत नसेल, तर कपडे देऊन टाकण्याची गरज नाही. ते तुमच्या खोलीत हलवा, आणि त्याला हवी असतील ती एक-दोन वस्त्रे त्याने आधी काढून घ्यावीत.